मोहाच्या झाडाखाली नेलेला शब्द

मी एक जुना इंग्रजी शब्द आहे. नाव युझुफ्रक्ट. हसू नका मित्रांनो, नाव मी ठेवलेलं नाही. माझा जन्म रोमचा. लॅटिनमधल्या ‘वापर’ आणि ‘फळ’ या दोन शब्दांच्या जोडणीतून मी झालो. अर्थ साधा: वस्तू दुसऱ्याची, फळ आपलं, मात्र वस्तूची नासाडी करायची नाही. एवढ्याशा अर्थावर मी इंग्रजांच्या कायद्यात शिरलो आणि जाड पुस्तकांत सुखाने झोपलो.

इंग्रजी अमलात, एकोणीसशे तीस-बत्तीस सालच्या होळीनंतर मला तळोद्याच्या शांतीलाल वकिलांनी उठवलं. मोलगीकडच्या डोंगरातली रूपलीबाई त्यांच्याकडे आली होती. ती एकटी राहायची. एका मोहाखालची जागा ती दरवर्षी झाडायची, पडलेली फुलं वेचायची आणि पावसाळ्यात धान्य संपलं की त्यांवरच पोट भरायची. नव्या जंगल शिपायाने सांगितलं होतं, “झाड सरकारचं. हुकूम आण, मग वेच.”

वकील खुलून म्हणाले, “माय, हाऊ शब्द ऐकीसन सायेब पानी पानी हुई जाई!”

“हुई जाई ते चांगलं शे, वकीलदादा. पन मी घर कवय जाऊ? फुलं पडी ऱ्हायनात.” घरी कधी जाता येईल, एवढंच तिला हवं होतं.

कचेरीत ज्या साहेबांपुढे वकिलांनी अर्ज ठेवला, त्यांनी मला पूर्वी ऐकलं नव्हतं. ते कबूल करणं हुद्द्याला शोभणारं नव्हतं, म्हणून त्यांनी पुढची तारीख दिली. त्या तारखेला माझ्या उच्चारावर चर्चा झाली. त्यापुढच्या तारखेला रोमवर. माझं फार कौतुक झालं. मी फुगलो. बाई कचेरीच्या ओसरीवर बसून होती.

शेवटी हुकूम झाला: झाड सरकारचं, फुलं रूपलीबाईची. कागदात बसून मी तिच्याबरोबर डोंगर चढलो.

झाडाखाली काळ्या, आंबलेल्या फुलांचा थर होता. शेजारचा सुकराम काठी घेऊन गुरं हाकलत उभा होता. आपल्या बोलीत तो अभिमानाने म्हणाला, “बाई, तुझं झाड. गावात कुणी एका फुलाला हात लावला नाही.”

मित्रांनो, मला तोंड लपवायला कागदाची घडीही पुरेना. त्या गावाला माझं नाव माहीत नव्हतं, आणि माझ्यावाचून त्यांचं काही अडलंही नव्हतं.

रूपलीबाईने मला कमरेला खोचलं, झाडणी घेतली आणि झाडाखालची जागा पुढच्या होळीसाठी साफ केली.

मित्रांनो, मला पाठ करा, परीक्षेत लिहा, माझी ना नाही. पण कुणाच्या कामासाठी मला उठवाल, तेव्हा आधी बघा, फुलं पडायला लागली आहेत का. लागली असतील तर मला झोपू द्या आणि तिला वेचू द्या.