प्रणोतीची चार वाक्यं

हिंदी मुलखातल्या चेरीताल वस्तीत दर रविवारी सकाळी ज्योती मराठी मुलांचा वर्ग घ्यायची. घरीसुद्धा हिंदीतच बडबडणारी सात-आठ वर्षांची पोरं. त्या दिवशी तिनं फळ्यावर चार शब्द लिहिले: आधी, मग, त्यानंतर, शेवटी.

"घरी खूप लोक आले होते, असा एक दिवस लिहा."

वह्या तपासताना भाचीची, म्हणजे धाकट्या भावाच्या, धनेशच्या प्रणोतीची, वही हाती आली.

'आधी आजी उठली नाही. मग आई रडली. त्यानंतर बाबांनी आजीचा अंगठा कागदावर लावला. शेवटी सगळे आले.'

ज्योतीचा पेन थबकला. आई गेली तेव्हा ती नागपूरला होती. शहराच्या वेशीवरचा तिलवाऱ्याचा पूल ओलांडून पोचेस्तोवर संध्याकाळ झाली होती. तेरवीनंतर धनेशनं कागद दाखवला. घर त्याच्या नावावर, खाली आईचा अंगठा, तारीख आई गेली त्याच्या आदल्या दिवशीची. आईचा हात लुळा पडला होता, सही कुठून करणार? ज्योतीनं काही विचारलं नव्हतं.

पण प्रणोती शब्दांची उलटापालट करायचीच. मागच्या रविवारी तिनं वहीत आधी पोळी खाल्ली होती आणि मग कणीक मळली होती.

ज्योतीनं तिला जवळ घेतलं. "बेटा, अंगठा लावला तेव्हा आजी काही बोलली?"

"नाही आत्या. आजी तर उठूनच नव्हती राहिली. बाबांनी बोट पकडलं होतं. शाई मी पुसली."

तेवढ्यात धनेश मुलीला न्यायला आला. त्यानं उभ्याउभ्याच वही वाचली.

"हे काय लिहून राहिली? ताई, तूच म्हणते न, हिला क्रम समजत नाही? चलो, खोड ते. आधी अंगठा लिही."

प्रणोतीनं रबर उचललं आणि आत्याकडे पाहिलं.

"खोडू नको. बरोबर आहे," ज्योती म्हणाली आणि तिनं वही आपल्या पिशवीत टाकली.

धनेशनं मुलीला स्कूटरकडे पिटाळलं. आवाज खाली आणला. "आई देणारच होती, ताई. एक दिवस उशीर झाला, बस."

"मग मला काहून नाही सांगितलं?"

तो स्कूटरकडे वळला.

पुढच्या रविवारी प्रणोती आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. आई खरंच देणार होती का, हे सांगणारं आता कोणी उरलं नव्हतं. ज्योतीनं वकिलाची वेळ घेतली. पोरीला साक्षीला उभं करायचं नाही, एवढं तिनं खुर्चीत बसायच्या आतच सांगून टाकलं.