अबोलीचे तुरे

सोमवारी सकाळी सामानाचा टेम्पो येणार होता आणि अबोलीला कसलीच घाई नव्हती. तळमजल्यावरच्या सखूबाईंची पंचाईत झाली होती ती हीच. मुलगा धनेश सीवूड्सचा फ्लॅट विकून त्यांना घेऊन करंजाडेला मोठ्या घरात चालला होता. गेटजवळच्या वाफ्यातली अबोली मात्र कागदोपत्री सोसायटीची. खरं तर ती सखूबाईंच्या सासूची. गावठाणातलं घर पाडलं त्या दिवशी परसातलं बी सासूबाईंनी पदरात बांधून आणलं होतं. झुडूप आता जुनं, उपटलं तर मरणार. फांद्या दोनदा लावून पाहिल्या, दोनदा कुजल्या. म्हणजे बीच हवं. फुलं कधीच गळली होती, पण तुरे गव्हाच्या ओंबीसारखे ताठ उभे होते, खालून तपकिरी, वरून अजून हिरवे, कच्चे.

आणि रविवारी ‘सुंदर सोसायटी’ स्पर्धेचं परीक्षण.

“मावशी, फूल नाही त्या झाडाला मार्क नाहीत,” सेक्रेटरी विश्वजित म्हणाला. तो एका कंपनीत क्वालिटी बघायचा. घरी आल्यावरही बघायचा. “शनिवारी गंगाराम सगळं छाटणार. वाळलेलं दिसतंय.”

“तुजंपन केस गेलं, तुला छाटला काय कोनी?”

शनिवारी सखूबाईंनी वाफ्यापाशी प्लास्टिकची खुर्ची टाकली. दर दहा मिनिटांनी उठायच्या, तुरा चिमटीत दाबून बघायच्या, बसायच्या, परत उठायच्या. गंगाराम माळी कात्री घेऊन आला, खुर्ची बघून परत गेला. मग पाइप घेऊन आला.

“पानी नको मारू! पिकल्या तुऱ्याला पानी लागला का तडतड फुटतंय, बी उडून जातंय.”

“आई, टेन्शन घेऊ नको,” धनेश म्हणाला. “नर्सरीत मिळते अबोली.”

“तिला बी धरत नाय. आन रंगपन तो नाय.”

रविवारी सकाळी तुरे शेंड्यापर्यंत तपकिरी झाले. सखूबाई कागदी पिशवी आणायला आत गेल्या. पिशवी खोक्यात होती आणि खोकी एकोणीस होती.

तेवढ्यात परीक्षक राजलक्ष्मी मॅडमचा निरोप आला, प्लास्टिकमधला पुष्पगुच्छ स्वीकारणार नाही. आणलेला गुच्छ नखशिखांत प्लास्टिकमध्ये होता. विश्वजितने इकडेतिकडे पाहिलं. काल ज्या तुऱ्यांना मार्क नव्हते, ते आज पर्यावरणपूरक दिसायला लागले. त्याने स्वतः कापले, सुतळीने बांधले.

सखूबाई पिशवी घेऊन बाहेर आल्या तेव्हा तुरे मॅडमच्या हातात होते.

“किती सुंदर! वाळल्यावर जास्तच!” मॅडम म्हणत होत्या. शेजारची उन्नती नऊवारी सावरत गुलाबदाणी घेऊन पुढे झाली आणि तिने गुलाबपाणी शिंपडलं. पाहुणीवर थोडं, तुऱ्यांवर जास्त.

विश्वजितचं प्रास्ताविक सुरू झालं. दुसऱ्या वाक्याला टक् झालं. मग टक्, टक्टक्. मॅडमनी गुच्छ लांब धरला.

“यात काय आहे?”

“पर्यावरण,” विश्वजित म्हणाला.

सखूबाई लाल गालिचा तुडवत थेट पुढे गेल्या आणि त्यांनी दोन्ही हातांनी मॅडमसमोर पदर पसरला. “हलू नका बाई. तसाच धरा. उन्नती, आजून मार गो पानी!”

फोटोवाल्याला वाटलं, ओटीचा कार्यक्रम आहे. मॅडमनाही तसंच वाटलं असावं. त्या गुच्छ पदरावर धरून हसतमुखाने उभ्या राहिल्या. तडतड थांबेपर्यंत कोणी हललं नाही.

एक बी विश्वजितच्या जाकिटाच्या खिशात गेलं होतं. फोटो संपेपर्यंत सखूबाई थांबल्या आणि मग तेही काढून घेतलं.