दाराशी पडलेला रूळ

दाराची फट. शाळेची गॅलरी. ओढणीत गुंडाळलेले लोखंड. चौसष्ट मिलिमीटर.

मित्रांनो, मी एक जुना पोलादी रूळ आहे. 'मित्रांनो' हे रिवाज म्हणून. माणसांशी माझे पटत नाही.

लेथवर मला चौसष्ट मिलिमीटर जाडीला तासले आणि हिंगण्याच्या एका लोखंड तपासणाऱ्या प्रयोगशाळेत आणले. सोळा मिलिमीटरचा गज दोन टेकूंवर आडवा ठेवत. यंत्र मला त्याच्या मध्यावर दाबत असे आणि गज माझ्याभोवती वळे. बाहेरच्या अंगाला चीर पडली नाही, तर पास. सुरुवातीला माझे कौतुक झाले. मग गज तुटू लागले. मालक कृष्णकांत मला पनवती म्हणू लागले आणि त्यांनी दार लागू नये म्हणून मला फटीत अडसर म्हणून टाकले. माझ्या जागी माझा जाडा भाऊ आला. तो पंचवीसच्या गजांसाठी घडवलेला. त्याच्याभोवती सोळाचा गज ऐसपैस वळतो. सडका मालही पास होतो.

दोन वर्षे मी येणाऱ्याजाणाऱ्यांच्या लाथा खाल्ल्या.

जुलैत जरीपटका भागातल्या एका शाळेचे गज आले. दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीसाठी. नव्याने कामावर लागलेल्या रोशनीने मला उचलले, मोजले.

"तो अडसर काहून उचलून राहिली वं?" कृष्णकांत म्हणाले.

"सोळाच्या गजाले हाच लागते, साहेब."

"मले शिकवाले ठेवलं का तुले? जाडा लाव."

"जाड्यावर तं झाडूची काडीबी पास होते."

"तुटला तं पार्टी पुन्हा येईन का आपल्याकडे?"

"सुट्टीत सारे पोट्टे त्या गॅलरीत उभे राहतीन. तुटाचं तं इथंच तुटू द्या."

तिने मला यंत्रात बसवून बटण दाबले. गज अर्धाही वळला नव्हता, तोच टक् असा आवाज आला. मला आनंद झाला. दुष्ट आनंद.

रोशनीने वहीत 'नापास' लिहिले. कृष्णकांतांनी पान फाडले.

"उद्यापासून येऊ नको."

"येते कोण इथं," ती म्हणाली. तुटका गज ओढणीत गुंडाळून ती शाळेकडे निघाली.

मी पुन्हा दाराशी आहे. मित्रांनो, मला पुसू नका, तेल लावू नका, माझी कीव तर मुळीच करू नका. ज्या कामासाठी मला घडवले, तेवढे माझ्याकडून करून घ्या. ते जमत नसेल, तर लाथा चालू द्या.

त्याच शाळेच्या पहिल्या मजल्याची गॅलरी मार्चमध्येच बांधून झाली होती. तिचे गज जाड्या भावावर पास झाले होते.