आठच्या आधीची पाणसळ

मंगळवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी ऑरिन ब्रॅक पलंगावर उठून बसला आणि म्हणाला, "बस कलली आहे."

मार्लिस जागीच होती. आजचा धरून अकरा दिवस तो याच वेळेला उठत होता आणि हेच बोलत होता.

"कुठल्या बाजूला?" तिने विचारलं.

"दाराच्या. मागचा कोपरा."

"झोप जरा. अंधार आहे अजून."

तो झोपला नाही. होडीत बसलेला माणूस कड धरून बसतो तसा एक हात भिंतीला लावून बसून राहिला. टॉर्च लावून ओट्यावरची, बस सपाट उभी आहे की नाही ते दाखवणारी पाणसळ तेव्हाच पाहता आली असती. मार्लिसने एकदाही ती पाहिली नव्हती. नवऱ्याच्या डोळ्यांदेखत त्याचं बोलणं तपासायला तिचा हात धजत नव्हता. ती आठ वाजेपर्यंत थांबायची, जनरेटर सुरू करायची, कॉफी करायची, आणि तो कप घेऊन बाहेर खुर्चीत गेला की पाणसळीकडे बघायची.

ही पाणसळ बाटलीच्या टोपणाएवढी, गोल होती. काचेखाली हिरवं पाणी आणि त्यात एक बुडबुडा. सव्वाआठला बुडबुडा बरोबर मधल्या काळ्या वर्तुळात होता. तिने बसच्या वहीत लिहिलं: "१४ जानेवारी. ऑरिन म्हणतो दाराकडे, मागे. पाणसळ मधोमध." वरच्या दहा ओळीही हेच सांगत होत्या.

वही आठ वर्षांची होती. मॅनकेटोचं घर विकून दोघं या बसमध्ये राहायला आली त्या दिवसापासूनची. ऑरिनने एकतीस वर्षं लांब पल्ल्याच्या बस चालवल्या. निवृत्त झाल्यावर एक चाळीस फुटी, मोडीत निघालेली बस आणली, सहा उन्हाळे खपून तिचं घर केलं. हिवाळा ॲरिझोनाच्या वाळवंटात, क्वार्ट्झसाइटच्या दक्षिणेला, उन्हाळा उत्तरेत. दुसरं घर नव्हतं.

ऑक्टोबरात पेट्रोलपंपावर वळताना ऑरिनला चक्कर आली आणि बसचा मागचा कोपरा खांबाला घासला. ड्युलूथहून मुलगी कॅरिन तेव्हापासून रोज फोन करत होती. नाताळच्या दिवशी ती फोनवर रडायला लागली, तेव्हा ऑरिनने फोन स्पीकरवर असताना तिला शब्द दिला: "ज्या दिवशी बस सरळ उभी आहे की नाही हे मला कळेनासं होईल, त्या दिवशी किल्ली तुझ्या आईच्या हातात. मी स्वतः देईन."

मार्लिस ती बस कधी चालवू शकली नव्हती. किल्ली तिच्या हातात येणं म्हणजे बस विकणं, आणि मिनेसोटात परत जाऊन मुलीच्या तळघरातल्या खोलीत राहणं. हे तिघांनाही ठाऊक होतं. गुरुवारी यूमाच्या डॉक्टरांकडे तपासणी होती. काय काय होतं ते लिहून आणा, असं त्यांनी सांगितलं होतं. मार्लिसकडे अकरा ओळी होत्या, आणि अकराही ओळी नवऱ्याच्या विरुद्ध होत्या.

त्याच दुपारी बर्ल किटरिज आला. शंभर पावलांवर त्याची जुनी शाळेची बस उभी असायची. पिवळा रंग खरवडून त्याने ती हिरवी केली होती. तीस वर्षं त्याने शाळांच्या बसच दुरुस्त केल्या होत्या. दोन पुरुषांचं भांडण जुनं होतं. बर्लच्या बसला लोखंडी पाटे. नवीन जागी आला की तो सखल बाजूच्या चाकांपुढे फळ्या टाकायचा, फळ्यांवर बस चढवायची, चाकं घरंगळू नयेत म्हणून उट्या लावायच्या, काम संपलं. ऑरिनच्या बसच्या चाकांवर हवा भरलेले जाड रबरी फुगे होते. एकेका कोपऱ्यात हवा कमी-जास्त केली की बस जागच्या जागी सरळ व्हायची.

"झाली का तुझी म्हातारी बरी?" बर्लने खुर्ची ओढत विचारलं.

"कोण म्हातारी?" ऑरिन म्हणाला.

"ही, चाळीस फुटी. सकाळी कुत्रं फिरवायला निघतो तर एका बाजूला लंगडत असते. आणि आठ वाजले की मास्तर वर्गात आल्यासारखी ताठ उभी. म्हणून सांगतो, लाकडावर उभी कर. हवेवर विसंबणाऱ्या माणसाने फुगे विकावेत."

"आणि लाकडावर विसंबणाऱ्याने?"

"निवांत झोपावं."

ऑरिन हसला आणि टोपी डोळ्यांवर ओढून घेतली. मार्लिस बटाटे सोलत होती. तिचा हात थांबला.

"किती वाजता बघितलीस, बर्ल?"

"सातच्या आसपास. उजाडायला लागलं की डोंगराच्या रेषेवर टप दिसतो ना तुमचा. वाकडी म्हणजे वाकडी. का गं?"

"काही नाही," ती म्हणाली.

संध्याकाळपर्यंत तिने पूर्ण साखळी मनात लावली. दरवर्षी बस सरळ केली की ऑरिन खाली सरपटत जायचा आणि चौकटीखाली ओकचे ठोकळे लावून बस त्यांच्यावर टेकवायचा. मग हवा राहो की जावो, फरक पडत नसे. यंदा चकरांमुळे डॉक्टरांनी खाली वाकायला मनाई केली होती. ठोकळे सामानाच्या कप्प्यातच पडून होते आणि बस नुसत्या हवेवर उभी होती. रात्री हवा कुठूनतरी झिरपत असणार. सकाळी आठच्या आत कुणी जनरेटर सुरू करायचा नाही, हा गाड्यांत राहणाऱ्यांच्या त्या मैदानातला अलिखित नियम. तो मोडणाऱ्याशी आठवडाभर कुणी बोलत नाही. आठला ती जनरेटर सुरू करायची, आणि त्याच विजेवर हवेचा छोटा कॉम्प्रेसरही चालू व्हायचा. टाकी भरली की प्रत्येक कोपरा ठरवून ठेवलेल्या दाबावर आपोआप परत यायचा. सव्वाआठला ती पाणसळ पाहायची. कॉफी आधी, पाणसळ मग. अकरा दिवस ती पुरावा पुसून मग पंचनामा करत होती.

बुधवारी सहा वाजून दहा मिनिटांनी ऑरिन उठून बसला.

"कलली आहे."

"थांब," मार्लिस म्हणाली, आणि टॉर्च घेऊन ओट्यापाशी गेली. बुडबुडा वर्तुळाबाहेर होता, पुढे ड्रायव्हरच्या बाजूला सरकलेला. म्हणजे दाराकडचा मागचा कोपरा खाली होता. ती परत येऊन पलंगाच्या कडेवर बसली.

"बरोबर आहे तुझं. कलली आहे."

"किती?" त्याने विचारलं.

"दीडेक इंच असेल."

"मला दोन वाटला होता," तो म्हणाला. मग उठून त्याने, कितीतरी दिवसांनी, भिंतीला हात न लावता पँट चढवली.

आठला तिने जनरेटर सुरू केला आणि त्याला ओट्यापाशी उभं केलं. खालून कॉम्प्रेसरची घरघर आली. सहा मिनिटांत बुडबुडा रांगत मधल्या वर्तुळात आला.

"बघितलंस? कॉम्प्रेसरमुळे. मी रोज यानंतर बघत होते."

ऑरिनने कान दिला. "कसला कॉम्प्रेसर?"

"तूच लावलेला. जनरेटरच्या लाइनवर."

"मी? छे. इंजिनाला आहे तेवढाच. जनरेटरवर कॉम्प्रेसर टाकायला मी काय वेडा आहे? कॉफीच्या वेळी दोन्हींचा भार येईल."

"तू तेव्हाही हेच म्हणाला होतास. आणि मग लावलास."

त्याने मान हलवली. तिने वही काढली, दोन वर्षं मागे गेली आणि ९ मार्चचं पान त्याच्या समोर धरलं. तिथे चित्रासकट सगळं होतं: नळी, झडप, तारांचे रंग, खाली एक ओळ, "म. म्हणते आवाज फार. सवय होईल." ऑरिनने चष्मा लावून पान वाचलं. मग पुन्हा वाचलं.

"अक्षर माझंच आहे," तो म्हणाला.

त्यापुढे तो विषय दोघांनी काढला नाही.

दुपारी बर्लने ठोकळे लावले. ऑरिन बाहेर उभा राहून सांगत होता, आणि त्याचं सांगणं चोख होतं. आधी उट्या. मग हवा पूर्ण भरून बस उंच. मग ठोकळे काठीने आत सरकवायचे, हाताने नाही.

"डोकं आत नाही, बर्ल. खांदाही नाही. फुगा फुटला तर नऊ टन तुझ्यावर बसतील."

"तीस वर्षं बसखालीच काढली मी."

"शाळेच्या. त्यात पोरं असतात, माझ्यात ओव्हन आहे."

"मार्लिस, याला आत घे. ऊन लागलंय."

साडेतीनला हवा सोडली. बस फुसफुसत लाकडावर टेकली. मागच्या ठोकळ्यावर एक पातळ फळी वाढवावी लागली. ती किती जाडीची हवी, हे ऑरिनने पाणसळ न बघता सांगितलं आणि ते बरोबर निघालं. बर्लने टोपी काढून त्याला मुजरा केल्यासारखं केलं. रात्रीच्या जेवणाला तो थांबला आणि बटाट्याचं भरलं भांडं जवळजवळ एकट्याने संपवलं.

तो गेल्यावर मार्लिसने डॉक्टरांसाठी वेगळा कागद घेतला. पहिल्या ओळीत लिहिलं: "बारा दिवस बस कलली असं सांगितलं, ते खरं होतं. चूक माझ्या पाहण्यात होती." पेन तसंच धरून ती बसली. ऑरिन पलीकडे भांडी पुसत होता, गुणगुणत होता. कॅरिनला दिलेला शब्द बस सरळ असण्यापुरता होता. आठवणीबद्दल कुणी शब्द मागितला नव्हता आणि दिलाही नव्हता. तिने दुसरी ओळ लिहिली: "कॉम्प्रेसर स्वतः बसवला, ते आठवत नाही. वाचूनही आठवलं नाही." मग कागदाची घडी दोन ओळींच्या बरोबर मधे घातली. फाडला तर तिथेच फाटेल.

फोनवर कॅरिनला तिने फक्त पहिली ओळ सांगितली. "म्हणजे डॅड ठीक आहेत?" कॅरिनने विचारलं. "बस कलली होती," मार्लिस म्हणाली. "ते त्याला कळलं."

गुरुवारी सहा वाजून दहा मिनिटांनी ऑरिन उठून बसला. मार्लिसने टॉर्च हातात घेतला, पण लावला नाही.

"सरळ आहे," तो म्हणाला.

तिने जाऊन पाहिलं. बुडबुडा मधोमध होता.

सात वाजून पाच मिनिटांनी दोघं बसमागे जोडून आणलेल्या छोट्या पिकअपने यूमाला निघाली. गाडी मार्लिसने चालवली. बसची किल्ली ऑरिनच्या खिशात होती. वाटेत त्याने दोनदा खिसा चाचपला. नऊ चाळीसला दवाखान्यातल्या नर्सने त्याचं नाव पुकारलं. तो सरळ चालत गेला. दारापाशी नर्सने मार्लिसला विचारलं, "तुम्ही काही लिहून आणलंय का?"

कागद तिच्या हातात होता. घडी अजून उलगडलेली नव्हती.