ग्रोवेनची खरी माणसं

हे कुणाला पटणार नाही, मला माहीत आहे. रविवारी प्रार्थनेनंतर चर्चच्या तळघरात कॉफी पिता पिता मी आजवर ज्या थापा मारल्या, त्या लोकांनी बिनबोभाट गिळल्या. आता ही एक खरीखुरी गोष्ट सांगायला घेतली तर ज्याला त्याला हसू फुटणार. फुटू दे. मला ती एकाच माणसाला पटवायची होती.

ते माणूस म्हणजे माझी नात मारित. गुरांची डॉक्टर. अडलेल्या गाईच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालणारी पोर, आणि आता त्याच हाताला सुया टोचून शहरातल्या हॉस्पिटलात पडलेली. रक्ताचा कॅन्सर. कुणाचा बोन मॅरो जुळला तर वाचेल, असं डॉक्टर म्हणाले होते. घरातल्या कुणाचाच जुळला नाही. दाता सापडेपर्यंत तग धरायचा तर औषधांची आणखी एक फेरी घ्यायला हवी होती. आणि मारितनं सांगून टाकलं होतं, बास झालं, उद्या मी घरी जाणार. गोठ्यात घालायचे तिचे रबरी बूट पलंगाशेजारी तयार उभे होते.

मी पोचलो तेव्हा नर्स केक घेऊन आली होती.

"केक घेणार?"

"नको."

"थोडासा?"

"नको, खरंच नको."

"अगदी एवढासा?"

"बरं. एवढासाच."

नर्सही आमच्यातलीच, पिढ्यांमागे नॉर्वे सोडून इकडे येऊन वसलेल्यांची. म्हणून तर तिसऱ्यांदा विचारेपर्यंत बशी धरून उभी राहिली. आमच्याकडे पहिल्या खेपेला हो म्हणणारा माणूस कायमचा नजरेतून उतरतो. मारितनं बशी घेतली आणि न खाताच बाजूला ठेवली.

"आठवडाभर कुठे गायब होतात?" तिनं मला विचारलं. "आई म्हणाली, बीट काढायला गेलात."

"बीट कसले! नॉर्वेला जाऊन आलो."

"तुम्ही? पलीकडच्या गावाला जायचं तरी डबा घेऊन निघता."

"डबा नेलाच होता."

ती हसली. कितीतरी दिवसांनी. मी खुर्ची पुढे ओढली.

"आपल्याला मॅरो का मिळेना, कळलं मला. वसंतात आपण तिकडच्या ग्रोवेन शेताचे मालक शोधून काढले. बिचाऱ्यांनी सगळ्यांनी तपासण्या करून घेतल्या. जुळलं का एकाचं तरी? कसं जुळणार? तिकडे ज्या शेतावर राहायचं त्याचंच नाव लावायचं. आपला पूर्वज अस्लाक तिथला नुसता गडी. इकडे आल्यावर नाव विचारलं, यानं मालकाच्या शेताचं सांगितलं. तेव्हापासून आपण सगळे ग्रोवेन आडनाव लावून दुसऱ्याच्या जमिनीचं नाव मिरवतोय."

"हे मला माहीत आहे, आजोबा. त्या मालकांनीच कळवलं होतं. इथवर खरं आहे. पुढे?"

"पुढे मी विचार केला, गडी राहायचा कुठे? तर शेताच्या वर, कड्यावर. तिथे असा उतार आहे बघ, कोंबड्यांना दोरीनं बांधावं लागतं. नाहीतर अंडं घरंगळत समुद्रात, आणि अंड्यामागून कोंबडी."

"आणि तुम्ही या गुडघ्यांनी वर चढलात."

"एका बोकडानं ओढून नेलं. शेपूट धरली मी त्याची. वर गेलो तर एक झोपडी, आणि झोपडीत बाई. गुनवोर नाव तिचं. अस्लाकच्या सख्ख्या बहिणीची पणती. तिनं दार उघडलं, बघतो तर काय! डाव्या भुवईत पांढरे केस! जसे माझ्या, जसे तुझ्या आईच्या, जसे तुझ्या."

मारितचा हात भुवईकडे गेला. तिथे आता केस नव्हतेच. माझी जीभ क्षणभर अडखळली, पण थांबलो असतो तर सगळंच थांबलं असतं.

"रक्त तपासलं तिचं?" तिनं विचारलं.

"खाली गावात नेऊन तपासलं. जुळलं, मारित. तंतोतंत जुळलं."

"मग डॉक्टर काहीच कसे बोलले नाहीत?"

"तिकडचा कारभार सावकाश गं. येईल निरोप. तू फक्त ही फेरी घे. एवढीच. तोवर ती येतेच बघ."

मी उगाच खोकलो. खिडकीखालून बीटचे ट्रक चालले होते, मी त्यांच्याकडे बघत बसलो. ती माझ्याकडे बघत होती.

"दिसते कशी?" तिनं विचारलं.

"रुंद बांध्याची. तुझ्यासारखे हात. तिच्याही गोठ्यात एक लाथाळ गाय आहे. म्हणाली, नातीला पाठव, बघू कुणाला आवरते."

 मारितनं पांघरुणातून पाय बाहेर काढला आणि अंगठ्यानं ढकलत ते रबरी बूट पलंगाखाली सरकवले. आधी एक, मग दुसरा. देवा, माझ्या छातीवरचा धोंडाच हलला.

"एवढं मोठं काम," ती म्हणाली, "तेही कधी न पाहिलेल्या माणसासाठी. किती वेळा विचारावं लागलं तिला?"

आनंदानं माझी अक्कल चरायला गेली होती.

"किती वेळा कसलं! एकदाच. शब्द तोंडातून निघाला न निघाला, ती हो म्हणून मोकळी!"

मारितनं बशीतल्या केककडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग वाकली, सुया लावलेल्या हातानंच पलंगाखाली चाचपडली आणि बूट पुन्हा बाहेर ओढले.

"आजोबा," ती हळूच म्हणाली, "आपल्या रक्ताची बाई, आणि पहिल्याच खेपेला हो म्हणाली? खोटं आहे हे. तुम्ही बीटच काढत होतात."