तळवा उभा होता की आकाशाकडे?

मेजर एकवीस वर्षांनी फौजेतून निवृत्त झाले आणि गाद्यांच्या कारखान्यात गोदामप्रमुख म्हणून लागले. ज्या माणसाने उभा जन्म फळीवर पाठ टेकली, त्याच्या ताब्यात चार हजार मऊ गाद्या देणारं नशीब थोडं थट्टेखोर असावं. नोकरी तीन महिने चाचणीवर होती.

चाचणी मेजरांची, पण धाकधूक बायकोला. ती भाषेची शिक्षिका. एकवीस वर्षांत अकरा बदल्या, अकरा शाळा, आणि प्रत्येक शाळेत ती ‘तात्पुरत्या बाई’. मुलांची नावं पाठ होणं आणि ट्रंका भरणं एकाच आठवड्यात यायचं. या गावच्या शाळेने मात्र तिला कायम केलं होतं. शिक्षकांच्या खोलीत तिच्या नावाचा खण होता आणि खणाला किल्लीसुद्धा होती. मेजर इथे टिकले नाहीत, तर सहाशे किलोमीटरवरच्या धरणावर त्यांच्या जुन्या सोबत्याने सुरक्षाप्रमुखाची जागा धरून ठेवली होती. म्हणजे बारावी बदली.

म्हणून तिने नवऱ्याला नागरिक करायचं मनावर घेतलं.

काम सोपं नव्हतं. पहिल्याच दिवशी मेजरांनी हमालांना रांगेत उभं करून नखं तपासली. हमालांना वाटलं, मोफत आरोग्य तपासणी आहे. एकाने जीभही बाहेर काढून दाखवली.

मग पंख्याचं प्रकरण झालं. मेजरांनी गोदामासाठी पंखा मागितला, मालक म्हणाले, “बघू.” दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता मेजर मालकांच्या घराच्या दारात.

“काय हो?” मालक दात घासता घासता म्हणाले.

“आपण काल ‘बघू’ म्हणालात. मी पाहणीसाठी शिडी आणलीय.”

त्या संध्याकाळी बायकोने स्वयंपाकघरातच वर्ग घेतला.

“अहो, ‘बघू’ म्हणजे नाही.”

“मग ‘नाही’ का म्हणत नाहीत?”

“समोरच्याला वाईट वाटतं.”

“आणि ‘बघू’ म्हटल्यावर वाटत नाही?”

“वाटतं, पण दोन आठवड्यांनी. तोवर तो विसरलेला असतो.”

मेजरांनी वहीत लिहून घेतलं. बघू: नाही. निघालोच: अंघोळ बाकी आहे. या एकदा घरी: येऊ नका.

“हे शेवटचं आधी सांगायचंस,” ते गंभीरपणे म्हणाले. “मी रविवारी चौघांकडे जाऊन आलो.”

पुढे मात्र गाडी रुळावर आली. गोदामात एक उशीसुद्धा इकडची तिकडे होईना. हमाल घरूनच नखं कापून येऊ लागले. मालक खूश दिसत होते. बायको दिवस मोजत होती.

शेवटच्या शुक्रवारी ती दुपारी शाळेतून आली, तर बाहेरच्या खोलीत चार काळ्या ट्रंका एका ओळीत उभ्या. चौथीला मेजर दोरी आवळत होते.

“हे काय चाललंय?”

“कूच. नकार मिळाला.”

ती मटकन खुर्चीत बसली. मग शिक्षिका असल्यामुळे सावरली. “काय म्हणाले ते? शब्द न् शब्द सांगा.”

“कायम करण्याचा कागद छापून आला होता. तो घेऊन गेलो. म्हटलं, साहेब, सही हवी. ते म्हणाले, ‘बघू.’ विषय संपला. पण माणूस दिलदार हं. निरोपाला हात पुढे केला. मी तो हलवला, किल्ल्या टेबलावर ठेवल्या, सलाम ठोकला आणि आलो.”

“हात पुढे केला?” ती खुर्चीच्या कडेला सरकली. “तळवा उभा होता की आकाशाकडे?”

मेजरांनी डोळे मिटून घटनास्थळ आठवलं. “आकाशाकडे. बोटं थोडी हलत होती.”

“आणि कागद?”

“माझ्या खिशात.”

“अहो, कागद मागत होते ते! हात पुढे करून ‘बघू’ म्हणजे ‘आणा इकडे’!”

मेजरांचा चेहरा शत्रूने मागून गाठल्यासारखा झाला. “एकाच शब्दाचे दोन अर्थ? आणि फरक तळव्यात? मग फोनवर काय करतात माणसं?”

“पळा आधी!”

मेजर पळाले. दोनच मिनिटांत मालकांचा फोन आला.

“बाई, मेजर रागावले का हो? सहीला कागद मागितला, तर माझा खांदा निखळेपर्यंत हात हलवला आणि गेले. इथे ट्रक दारात उभा आहे, किल्ली कुठली कुणाला कळेना.”

“निघालेत ते.”

“निघालेत म्हणजे खरंच निघालेत, की आपलं...?”

“पळत निघालेत.”

फोन ठेवून तिने ट्रंकांकडे बघितलं. अठरा मिनिटांत संसार भरायचा सराव झालेला माणूस पुन्हा कधी, कुठल्या शब्दावर त्या भरेल याचा नेम नव्हता. तिने कपडे पलंगावर ओतले आणि गल्लीच्या तोंडाशी बसणाऱ्या भंगारवाल्याला हाक मारली.

“चांगल्या आहेत की बाई,” तो पत्र्यावर टिचकी मारत म्हणाला. “विकताय कशाला?”

“चांगल्या आहेत म्हणूनच.”

संध्याकाळी मेजर सही झालेला कागद छातीशी धरून आले. रिकाम्या खोलीत दोनदा गिरकी घेतली. मग पलंगावरच्या डोंगराकडे बोट दाखवलं.

“कपडे कशात ठेवायचे?”

“उद्या सुतार येतोय. कपाट करणार आहे. भिंतीत ठोकलेलं.”

“भिंतीत?” मेजर विचारात पडले. “मग ते हलवतात कसं?”

“हलवत नाहीत,” ती म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली.