उखाण्यातली मोकळी जागा

रतनबाईनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं, पदरानं कपाळ पुसलं आणि जावेला म्हणाली,

"पुतळे, ती कोंबडी दे इकडं."

पुतळाबाई उठली आणि परात घेऊन आली.

दोघींनाही त्यात काही वावगं वाटलं नाही. गेले काही महिने महाळुंग्याच्या त्या घरात असंच चाललं होतं. रतनबाई मागायची एक आणि तिला हवं असायचं भलतंच. हात मात्र बरोबर वस्तूकडे जायचा, म्हणून पुतळाबाई तिच्या तोंडाकडे न बघता हाताकडे बघायला शिकली होती. सुरुवातीला हसण्यावारी गेलं. "बैलांना जेवायला वाढा आणि माणसांना वैरण टाका," असं ती एकदा कांद्याच्या वाफ्यावर म्हणाली, तेव्हा लावणीच्या बाया बांधावर बसून पोट धरधरून हसल्या होत्या. रतनबाईही हसली होती. मग ते रोजचंच झालं आणि हसणं आपोआप बंद पडलं.

कारणं शोधायला लांब जावं लागत नव्हतं. गेल्या माघात सासू गेली. तिचं वर्षश्राद्ध अजून व्हायचं होतं, तोवर आषाढात घरधन्याच्या थुंकीत रक्त दिसलं आणि त्याला तळेगावच्या क्षयाच्या दवाखान्यात ठेवावं लागलं. धाकटा दीर गेनू, म्हणजे पुतळाबाईचा नवरा, पिंपरीला नव्यानं उभ्या राहिलेल्या औषधाच्या कारखान्यात लागला. त्याचा पगार घराला हवाच होता, पण त्यामुळं शेत, बैल, गाय, पोरं सगळं रतनबाईच्या अंगावर आलं. ती कुणापुढं रडली नाही. तेवढी सवडच नव्हती. गावातल्या शहाण्या बायांनी बाहेरची बाधा आहे असं ठरवून लिंबू उतरून टाकायला सांगितलं. चाकणच्या म्हाताऱ्या वैद्यांनी मात्र नाडी बघून हात सोडून दिला.

"डोकं एक आणि घागरी पाच. एखादी हिंदकळायचीच," ते म्हणाले होते. "शब्द सापडला नाही तर त्याच्या मागं धावायचं नाही, बाई. हातातलं काम करत राहायचं. हरवलेली शेळी संध्याकाळी आपल्या पायानं घरी येते."

रतनबाईला ते पटलं होतं. बहुतेक शब्द संध्याकाळपर्यंत यायचेही.

तिनं उकडलेली अंडी परातीत काढली, निवू दिली आणि एकेक फडक्यात बांधली. पुतळाबाई चुलीशी घुटमळत होती.

"आक्का, फाटकावर नाव इचारत्यात हां. दर वेळेला हे असत्यात, ते सांगत्यात. आज कारखान्यात रजा न्हाई दिली त्यांना. तुमाला एकटीला सांगावं लागंल."

"सांगीन की."

"म्हंजी, नुसतं कसं घेनार? उखाण्यात घ्या."

नवऱ्याचं नाव बायकोनं घेतलं की त्याचं आयुष्य घटतं, हे दोघींनाही परकराच्या वयापासून ठाऊक होतं. उखाण्यात गुंडाळून घेतलं तर चालतं. एरवी निरोगी माणसाच्या बाबतीत एखादी बाई चुकून बोलून गेली तर देवापुढं कान पकडून मोकळी होईल; पण ज्याच्या छातीत दुखणं बसलेलं, त्याच्या आयुष्याशी कोण खेळणार?

इंदोरीपर्यंत गावातली एक गाडी मिळाली. तिथून इंद्रायणी ओलांडून ती पायी निघाली. पौषातलं ऊन अंगाला बरं वाटत होतं. नदीवरचं धुकं अजून पुरतं उठलं नव्हतं. गाठोडं डोक्यावर नीट बसवून तिनं आपला लग्नातला उखाणा मनात म्हणून पाहिला. सासरच्या उंबऱ्यावर अडवल्यावर तिनं तो असा ठणकावून घेतला होता, की सासू पदराआड हसली होती. चुलीवर चढलंय भाताचं आधण, अमक्यांचं नाव घेते, काय देता आंदण?

अमक्यांचं.

ती चालता चालता थांबली. पुन्हा पहिल्यापासून म्हणाली. आधण आलं, आंदण आलं, मधली जागा मोकळीच राहिली.

वैद्यांचं ऐकून ती त्याच्या मागं धावली नाही. वाटेकडेच्या बाभळी बघितल्या, कुणाच्या हरभऱ्याला घाटे धरलेत ते बघितलं, आणि मग हळूच, शेळीला फसवावं तसं, पुन्हा उखाणा म्हटला. जागा तशीच होती. तेव्हा ती वाटेवरच्या दगडावर बसली.

परातीला कोंबडी म्हणणं वेगळं. हे नवऱ्याचं नाव होतं. ते आपल्याला सोडून गेलं याचा अर्थ काय, हा विचार तिनं मनात येऊ द्यायचा नाही म्हटलं तरी आलाच. माणूस जायच्या आधी त्याचं नाव जात असेल का?

तिनं घर आठवून पाहिलं. गेनू त्याला दादा म्हणायचा; फाटकावर तो नाव सांगायचा, तेव्हा ती गाठोडं घेऊन लांब उभी असायची. पोरं आबा म्हणायची. पुतळाबाईनं थोरल्या दिराचं नाव घेणं शक्यच नव्हतं. गाव त्याला पाटील म्हणे. नावानं हाक मारणारी एक सासू होती. ती गेली आणि त्या नावाचं घरात येणंजाणंच थांबलं. सासू ओट्यावर उभी राहून वावराकडं तोंड करून हाक मारतेय, हे तिला लख्ख दिसलं. सासूचे ओठ हलत होते. आवाज येत नव्हता.

विचारायचं तरी कुणाला? वाटेवरच्या माणसाला थांबवून, "दादा, माझ्या नवऱ्याचं नाव काय हो?" असं विचारलं तर तो वेडी म्हणून लांबूनच जाईल. या परिस्थितीतही तिला क्षणभर हसू आलं. मग ती उठली आणि चालू लागली.

दवाखान्याच्या फाटकाबाहेर भेटायला आलेली माणसं रांगेत उभी होती. हिंदुराव नावाचा साताऱ्याकडचा शिपाई एकेकाला नाव विचारून आत सोडत होता. भेटीची वेळ थोडकी, त्यामुळं त्याची घाई चालली होती. रतनबाईच्या पुढं तळेगावातलीच कौशल्याबाई म्हणून एक म्हातारी होती; तिचा लेक आत होता. तिनं लेकाचं नाव खणखणीत सांगितलं आणि डबा घेऊन बाजूला झाली.

"बाई, कुणाला भेटायचं?" हिंदुरावानं विचारलं.

"मालकांना."

"मालक इथं लई हाईत. नाव सांगा."

रतनबाईनं तोंड उघडलं आणि मिटलं.

"अरं बाबा, ती कशी घेईल नाव?" कौशल्याबाई मागं वळली. "घरंदाज बाई दिसतीय. घे गं लेकी उखाणा, आमीबी ऐकतो."

रांगेतल्या चारदोन बाया पुढं सरकल्या. सकाळपासून ताटकळलेल्या माणसांना तेवढीच करमणूक. रतनबाईनं गाठोडं छातीशी धरलं. आपसूक येईल, तोंडाला सवय आहे, असं तिला वाटलं. तिनं डोळे मिटले.

"चुलीवर चढलंय भाताचं आधण..."

"वा!"

"...यांचं नाव घेते, काय देता आंदण?"

"यांचं म्हंजी कुनाचं गं?" एकीनं विचारलं आणि सगळ्या हसल्या. "लाजली! एवढी पोरांची आई झाली तरी लाजतीय!"

त्या हसण्यात कौतुक होतं. चांगल्या वळणाची बाई म्हणून माणसं तिच्याकडं बघत होती. रतनबाईच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि तेही लाजेचंच आहे असं सर्वांनी धरलं. आयुष्यभर पाळलेल्या रीतीनं त्या दिवशी तिची अब्रू झाकली, पण फाटक काही उघडलं नाही.

"बरं, ऱ्हाऊ द्या," हिंदुराव म्हणाला. "गाव कुठलं? वळखीची काय खूण?"

"महाळुंगं. चाकनच्या अलीकडं. ते... ते खात न्हाईत..." शब्द पुन्हा निसटला. तिनं बोटानं डोळ्यांकडं दाखवलं. "ते रडवतं ते. आमच्याकडं लई पिकतं."

"कांदा?"

"व्हय. कांदा खात न्हाईत."

हिंदुरावानं कपाळावर हात मारला. "चाकनचा माणूस आणि कांदा खात न्हाई! अहो, अठरा नंबर! रोज भाजीतला कांदा येचून ताटाच्या कडंला लावतोय. जावा, जावा. कडुनिंबाच्या बाजूची पडवी."

तो खाटेवर उशीला टेकून बसला होता. गाल थोडे भरल्यासारखे वाटले. तिला एकटीला बघून तो सावरून बसला.

"गेनू कुठाय?"

"कामावर. रजा न्हाई."

ती खाटेच्या पायथ्याशी खाली बसली. गाठोडं सोडलं. त्यानं बैलांचं विचारलं, लावण उरकली का विचारलं, गाय कधी व्यायची ते विचारलं. ती उत्तरं देत होती. पण गाय अमावस्येला व्याईल असं सांगायच्या जागी गाय अमावस्येला पेरायची आहे, असं म्हणून बसली. तो तिच्याकडं बघत राहिला.

"हे काय गं?"

एवढे दिवस त्याच्यापासून लपवून ठेवलं होतं. आजाऱ्याला कशाला घोर? पण आता तिच्यानं राहवेना.

"माझं डोकं ठिकान्यावर न्हाई," ती म्हणाली. "सकाळी नदीवर धुकं पडतं ना, तसं हुतं. वस्तू दिसती, तिचं नाव दिसत न्हाई. बोलाया जाते एक आणि येतं दुसरंच. पोरं आता बोटाकडं बघून वळखत्यात." ती थांबली. "आज तर... आज तुमचंच नाव गेलं."

"माझं?"

"फाटकावर उखाणा घेतला. मधी नाव आलंच न्हाई. लोकांना वाटलं लाजते."

कडुनिंबाची पिवळी पानं पडवीत येऊन पडली होती, त्यांच्याकडं तो बघत बसला. रतनबाईला वाटलं, रागावला. रागवायला हक्कही होता.

"इथं मला अठरा नंबर म्हनत्यात," तो म्हणाला. "औषध आलं की अठरा, जेवान आलं की अठरा. घरी दादा, आबा. आई गेल्यापासून माझं नाव मीबी ऐकलं न्हाई." मग तो तिच्याकडं वळला. "तू घे."

"काय?"

"नाव. नुसतं. उखाण्याबिगर."

"काय बोलता!" तिनं दोन्ही कानांना हात लावले. "तुमचं आयुष्य कमी हुईल."

"लगीन झाल्यापासून एकदा तरी घेतलंस का?"

"न्हाई. देवाशपथ न्हाई."

"तरी बघ की मी कुठं झोपलोय."

तिनं कानांचे हात खाली घेतले. शेजारच्या खाटेवरचा माणूस भिंतीकडं तोंड करून झोपला होता. नवरा पुढं वाकला आणि त्यानं आपलं नाव तिच्या कानाशी हळूच सांगितलं, बारशाला आत्या सांगते तसं. स्वतःचंच नाव सांगताना त्याला जरा संकोच वाटला.

रतनबाईनं ते आधी ओठांतल्या ओठांत म्हणून पाहिलं. मग थोडं मोठ्यानं. त्याच्याकडं बघत, घाबरून, पुन्हा एकदा. तो खोकला नाही. त्यानं तिच्यासमोरच अंडं सोलून घेतलं, मीठ लावलं आणि खायला लागला.

घंटा झाली तशी ती उठली. फाटकाशी हिंदुराव किल्ल्या हातात घेऊन उभा होता, आणि कौशल्याबाई डबा पदराखाली घेऊन चपला घालत होती.

"काय बाई, भेटले का अठरा नंबर?"

रतनबाई दोन पावलं पुढं गेली होती. ती मागं फिरली, डोक्यावरचा पदर नीट केला आणि सरळ त्याच्याकडं बघून म्हणाली,

"बाळाजी. बाळाजी नाव हाय त्यांचं. त्याच नावानं हाक मारत जा."

कौशल्याबाईचा हात तोंडावर गेला. रतनबाई थांबली नाही. इंदोरीच्या वाटेला लागल्यावर आजूबाजूला कुणी नाही असं बघून ती ते नाव पुन्हा म्हणाली, आणि मग नदी येईस्तोवर म्हणत राहिली.

घरी पोचली तेव्हा दिवेलागण झाली होती. पुतळाबाई पीठ चाळत होती. तिनं जावेचा चेहरा निरखला.

"घेतलं का नाव?"

"घेतलं."

"उखाण्यात?"

"न्हाई. नुसतं."

पुतळाबाईची चाळणी हातातच राहिली. घराच्या आढ्याकडं, देवाच्या कोनाड्याकडं, मग पुन्हा जावेकडं बघून तिनं दबक्या आवाजात विचारलं,

"मग? काय झालं?"

रतनबाई चुलीशी बसली. लाकूड आत सारलं.

"काय व्हायचंय?" ती म्हणाली. "दोन अंडी खाल्ली त्यांनी. आन ती कोंबडी दे इकडं, पीठ मळाया घेते."

पुतळाबाईनं परात पुढं केली.